फाटकावरचा हात

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाईचं डोकं अचानक फिरलं. लहानपणापासून येतो. आणि आला की आमच्या घरात एकच वाक्य ऐकू यायचं, "तिच्यावर गेलीय."

ती म्हणजे माझी पणजी, बाबांची आजी. आमच्या घरात तिला नाव नव्हतं आणि तिचा फोटोही नव्हता. ती कधी गेली, कुठे गेली, हे कोणी सांगत नसे. माझा आवाज चढला की तेवढ्यापुरती तिची आठवण निघायची.

पणजोबांचं मात्र काय विचारता! काचकारखान्यातल्या मोठ्या संपाचे पुढारी. युनियनच्या हॉलला त्यांचं नाव, रस्त्याला त्यांचं नाव, आणि कारखान्याच्या आवारात त्यांचा पुतळा. डावा हात वर केलेला, त्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत. तरुणपणी बाटल्यांच्या साच्यात सापडून तुटली होती. तो तीन बोटांचा हात म्हणजे आमच्या गावाची खूण. युनियनच्या बिल्ल्यावर तोच, झेंड्यावर तोच. बाबा जन्मभर युनियनचे चिटणीस राहिले ते त्या तीन बोटांच्या पुण्याईवर, असं मी एकदा बोलले होते, तेव्हा बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

संपाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. चार महिने कारखाना कडकडीत बंद. पोरंबाळं उपाशी, पण एक माणूस आत गेला नाही. गेली ती एकच, आणि ती कोण, तर खुद्द पुढाऱ्याची बायको. पाठीवर कोळशाची टोपली घेऊन, सगळ्यांच्या देखत, फाटकातून आत. पुढाऱ्यानं काळजावर दगड ठेवून भर सभेत तिला सोडून दिल्याचं जाहीर केलं. माझे आजोबा, म्हणजे या दोघांचा मुलगा, तेव्हा सात वर्षांचे होते. ते बापाकडे राहिले, सावत्र आईच्या हाताखाली वाढले.

तिचा फाटकातून आत जातानाचा फोटो शाळेच्या पुस्तकात होता. खाली छापलेलं असायचं, 'संप फोडणारी'. आमच्या वर्गात तो धडा आला की अख्खा वर्ग माना वळवून माझ्याकडे बघायचा. एका मुलीचं नाक मी त्याच धड्याच्या तासाला फोडलं. घरी आल्यावर अर्थातच ऐकलं, "तिच्यावर गेलीय."

आता माझं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, शोकेस, बाथरूमच्या दारांना लागते तशी घासून धुरकट केलेली काच. कारखाना बंद पडून जमाना झाला. गेल्या वर्षी त्याचं संग्रहालय करायचं ठरलं आणि एका फोटोसमोर काच बसवायचं काम माझ्याकडे आलं.

संग्रहालयाच्या प्रमुखाचं नाव मी मनात 'इस्त्री' ठेवलं होतं. त्याच्या शर्टावर सुरकुती नसायची आणि बोलण्यातही नसायची. त्यानं मला मुख्य दालनात नेलं. समोरच्या भिंतीवर तोच मोठा फोटो. फाटक, दोन्ही बाजूंना पुरुषांची गर्दी, आणि मधून चाललेली ती.

"मूळ काचेची प्लेट सापडली आम्हाला," इस्त्री म्हणाला. "आजवर सगळीकडे कापलेला फोटो छापला जायचा, नुसती मधली बाई. हा पूर्ण आहे. ही आपल्या संग्रहालयाची शान."

खाली पाटी तयारच होती. 'संप फोडणारी: नेत्याची पत्नी कामगारांशी द्रोह करून कारखान्यात जाताना.'

"तुमच्याच घरातल्या ना या?" तो म्हणाला. "तुम्हाला जरा अवघड वाटत असेल."

"अवघड काय त्यात? माप घेते," मी म्हणाले आणि टेप काढला.

उंची घेतली. रुंदी घेताना टेपचं टोक उजव्या कडेला दाबून धरलं आणि माझ्या अंगठ्याशेजारी मला एक हात दिसला. फाटकाची झडप अर्धी उघडी होती. ती आपोआप उघडलेली नव्हती. कोणीतरी खांबाआड उभं राहून तिची सळई धरली होती आणि झडप मागे ओढून धरली होती. चेहरा खांबामागे. दिसत होता नुसता हात. डावा. तीन बोटांचा.

मी टेप सोडला. तो खडखडत डबीत परत गेला तेव्हा इस्त्री दचकला.

मी आधी शेजारच्या दालनात जाऊन आले, कारण येताना तिथल्या भिंतीवर काहीतरी वाचलं होतं आणि ते डोक्यात टोचत होतं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की युद्धाआधी एकदा पेटवलेली भट्टी तीस वर्षं अखंड जळत राहिली, एकदाही विझली नाही. त्याखाली युद्धाच्या काळाची माहिती. मोठं युद्ध सुरू झालं, गावातले निम्मे पुरुष लढायला गेले, औषधांच्या बाटल्यांची मागणी वाढली. 'या काळात महिलांचेही सहकार्य लाभले.' सहकार्य! भट्टीत कोळसा घालायचा, रात्रंदिवस आच सांभाळायची, तोंड भाजून घ्यायचं, आणि त्याला म्हणायचं सहकार्य. युद्ध संपलं, पुरुष परत आले, बायकांना घरी बसवलं. बाटल्यांची मागणी घटली, मालकानं पगार कापले, महागाई होती तशीच राहिली, आणि म्हणून संप. हे सगळं त्या भिंतीवर व्यवस्थित लिहिलेलं होतं. लिहिणारा हुशार होता, यात शंका नाही.

मी परत आले. "साहेब, संपात आत कोणीच काम करत नव्हतं ना?"

"कोणीच नाही. या बाई सोडून."

"आणि भट्टी तीस वर्षांत एकदाही विझली नाही."

"हो, हा एक विक्रमच आहे," तो खूश होऊन म्हणाला.

"मग ते चार महिने भट्टीत कोळसा कोण घालत होतं?"

इस्त्रीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती जरा तांत्रिक बाब आहे," तो म्हणाला.

तांत्रिक! काचेची भट्टी म्हणजे घरची शेगडी नाही, संप आहे तर विझवा आणि मिटला की पेटवा. आत काच वितळलेली असते. आच गेली की ती आतच थिजते, दगड होते, भट्टीच्या विटा तडकतात. मग सगळं फोडून नवी बांधायची आणि तोवर वर्षभर कोणालाच काम नाही. हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. आजोबांच्या तर तोंडात बसलं होतं, भट्टी विझली की गाव विझलं. तरीसुद्धा शंभर वर्षं आम्ही दोन्ही गोष्टी एकाच अभिमानानं सांगत आलो. संपात कोणी आत गेलं नाही. भट्टी कधी विझली नाही. दोन दालनांच्या मध्ये एक भिंत, आणि पलीकडचं वाचून इकडे बघायला एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मी तर नाकं फोडत बसले होते.

मग मी त्याला तो हात दाखवला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"साम्य आहे," तो सरळ होत म्हणाला. "पण नुसत्या साम्यावर पाटी बदलता येत नाही. मजकूर समितीनं मंजूर केलाय. रविवारी उद्घाटन आहे. हां, तुमच्या वडिलांनी तसं स्पष्ट सांगितलं तर वेगळी गोष्ट. तेच प्रमुख पाहुणे आहेत, त्यांचा शब्द आम्ही मानू."

म्हणजे सगळं बाबांच्या शब्दावर आलं. रविवारच्या आत बाबांनी तोंड उघडलं तर पाटी उतरणार, नाहीतर ती बाई पुढची शंभर वर्षं त्या भिंतीवर फितूर म्हणून लटकणार.

घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर भाषण लिहीत बसले होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"बाबा, पणजोबांनी फाटक उघडून दिलं होतं ना तिला?"

मला वाटलं होतं ते म्हणतील, काहीतरीच काय बोलतेस. ते तसं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं. अगदी सावकाश लावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला माहीत होतं."

"बस आधी."

"नाही बसत. कधीपासून माहीत आहे?"

"तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं. मी शाळेत होतो तेव्हा."

मग त्यांनी सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, पाणी पीत, माझ्याकडे न बघता. मालकानं बाहेरगावची माणसं आणायची धमकी दिली होती, भट्टी राखायच्या नावाखाली. ती माणसं एकदा आत शिरली असती तर बाटल्याही त्यांनीच काढल्या असत्या आणि संप तिथेच मोडला असता. भट्टी विझू देणंही परवडणारं नव्हतं. तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांनी मालकाशी आतल्या आत ठरवलं, बाहेरचं कोणी आणायचं नाही, आमचं एक माणूस आत राहील, नुसती आच धरून ठेवील, एक बाटली निघणार नाही. पण कोणाला पाठवायचं? कामावरचा माणूस गेला तर तो संप मोडणं झालं असतं. कोळशाचं काम येणारी आणि कारखान्याच्या नोकरीत नसलेली, अशा फक्त युद्धानंतर घरी बसवलेल्या बायका होत्या. त्यात सगळ्यात तरबेज माझी पणजी. पणजोबांनी तिला घरी विचारलं. ती हो म्हणाली. जाताना युनियनच्या विश्वासातल्या माणसांनी वाट करून दिली. फोटोतली गर्दी तिला अडवायला नव्हे, पोचवायला आली होती.

"मग?" मी म्हणाले.

"मग दिवस गेले. लोकांच्या घरातलं धान्य संपलं. पोरं आजारी पडायला लागली. आणि उपाशी माणूस घराबाहेर आला की त्याला काय दिसायचं? कारखान्याच्या चिमणीतून धूर. लोक विचारायला लागले, आत कोण आहे? कोणी पाठवलं? मालकाशी हातमिळवणी झाल्याचं लोकांना कळलं असतं तर त्यांनी पुढाऱ्यांना फाडून खाल्लं असतं. एका सभेत दगड यायला लागले. तेव्हा माझे आजोबा उभे राहिले आणि…"

"आणि हात वर केले," मी म्हणाले.

पुतळा बरोबरच केलाय, हे मला तेव्हा कळलं.

"संप वाचला त्यामुळे," बाबा म्हणाले. "पगार परत मिळाले. भट्टी तापलेलीच होती, दुसऱ्या दिवसापासून कामं सुरू झाली."

"तिचं काय झालं?"

"तिला गावात कोणी उभं करेना. घरी आली तर दाराला कुलूप होतं."

"कुलूप कोणी लावलं होतं, बाबा? तेही सांगा ना. तोच हात ना?"

बाबांनी भाषणाचे कागद सारखे केले.

"कुठे गेली?"

"नदीपलीकडे. तिकडे सरबताचा कारखाना होता, तिथे बाटल्या धुवायला लागली. तुझे आजोबा मला एकदा तिकडे घेऊन गेले होते. चोरून. मोठी शेड होती, ओली फरशी, बायका ओळीनं बसलेल्या. म्हातारी झाली होती. हात पांढरे पडलेले, सुजलेले. तुझ्या आजोबांनी माझी ओळख करून दिली, हा तुझा नातू. तिनं मला बघितलं. मग एक बाटली उजेडाला धरून तुझ्या आजोबांना म्हणाली…"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हल्ली बाटल्यांत बुडबुडे येतात. आच कमी पडतेय. कोळसा कोण घालतं रे?"

मी आता कुठे खुर्चीवर बसले. ज्या गावानं हाकललं त्या गावाच्या बाटल्या ती उरलेला जन्मभर धूत बसली, आणि त्यातही तिची काळजी भट्टीची. मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच.

"रविवारी हे बोला," मी म्हणाले. "एवढंच. बाकी काही नको मला."

"अगं, युनियन उरली नाही, कारखाना उरला नाही. लोकांकडे अभिमान वाटावा असं काय राहिलंय? तो एक पुतळा आहे. तोही पाडू?"

"तिच्यावर उभा आहे तो पुतळा!"

"मी गेल्यावर काय ते कर," बाबा म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

मी दुकानात गेले. सहा फूट बाय चार फुटांची काच आलेली होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. फोटोचं छापील चित्र मी मापासाठी मागून घेतलं होतंच. ते टेबलावर पसरलं, त्यावर काच ठेवली आणि काचेवर चिकट कागदाचे दोन तुकडे कापून लावले. एक तिच्यावर, टोपलीसकट, डोक्यापासून पायापर्यंत. दुसरा छोटा, उजव्या कडेला. कडा नीट दाबल्या, वाळू आत शिरायला नको म्हणून. मग उरलेल्या सगळ्या काचेवर वाळूचा मारा केला. हे काम मी रोज करते, लोकांच्या बाथरूमच्या दारांवर वेलबुट्टी काढून देते. एवढ्या आनंदानं कधी केलं नव्हतं. नवरा चहा घेऊन आला, बघितलं, म्हणाला, "पैसे देणार नाहीत हां ते." मी म्हणाले, "नको देऊ देत." त्यानं चहा ठेवला आणि काच उचलायला दुसऱ्या बाजूला उभा राहिला. माणूस बोलतो कमी, पण कामाचा आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी ती बसवली. फोटो आणि काच यांच्यात दोन बोटांचं अंतर ठेवलं, म्हणजे धुरकट भागातून मागचं काही ओळखू येऊ नये. इस्त्री खुर्च्या मांडण्याच्या गडबडीत होता. वर मखमली पडदा सोडला आणि मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

दालन भरलं. जुने कामगार, त्यांच्या बायका, नातवंडं, शाळेचे मास्तर. बाबांनी दोरी ओढली. पडदा सरकला.

टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या हळूहळू विरल्या. काचेमागे धुकं होतं नुसतं. ती पुरुषांची गर्दी गेली, फाटक गेलं, टोप्या, चेहरे सगळे गेले. स्वच्छ दिसत होती ती, टोपली घेऊन चाललेली. मान खाली नव्हती तिची. आयुष्यभर मी तो फोटो बघितला आणि तिची मान ताठ आहे हे मला त्या दिवशी दिसलं. आणि तिच्यापासून दूर, उजव्या कडेला, धुक्यातून बाहेर आलेला एक हात. सळई धरलेला.

"हा काय प्रकार आहे?" इस्त्री माझ्याकडे बघत ओरडला. पहिल्यांदाच त्याच्या कपाळावर सुरकुती दिसली.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून काचेजवळ गेली. नाक लागेल इतकी जवळ. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगंबाई, हा तर बाहेरच्या पुतळ्याचा हात!"

खुर्च्या सरकल्या. लोक उठून पुढे आले. एकानं खिशातून जुना बिल्ला काढून काचेशी धरला. कोणीतरी विचारलं, "पण ते दार उघडतायत की लावतायत?" आणि मग एकेक करून सगळे बाबांकडे बघायला लागले. शाळेत माझ्याकडे बघायचे तसेच. मी मुद्दाम नजर वळवली नाही. घ्या म्हटलं, तुम्हीही जरा घ्या.

बाबांच्या एका हातात माइक होता, दुसऱ्यात भाषण. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, फोटो जुना आहे, सावली पडली असेल. ते म्हणाले असते तर मी तिथेच, सगळ्यांसमोर, बापाला खोटं पाडलं असतं. माझी तयारी होती.

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"उघडतायत," ते म्हणाले. "त्यांनीच पाठवलं तिला. युनियननं पाठवलं. भट्टी राखायला." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "नंतर नाही म्हणाले. माझ्या वडिलांना माहीत होतं. मलाही माहीत होतं."

मग बाबांनी त्या ओल्या शेडचं सांगितलं, उजेडाला धरलेल्या बाटलीचं, बुडबुड्यांचं. "कोळसा कोण घालतं, असं विचारलं तिनं," ते म्हणाले.

आणि मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. चांगल्या भाषणानंतर वाजवतात तशा, मनापासून, डोळे पुसत. बाबांच्या खांद्यावर हात ठेवायला लोक पुढे सरसावले. केवढं धाडस, केवढा मोठेपणा, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. बाबांचा चेहरा सैल पडला. त्यांना बरं वाटायला लागलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा एका पुरुषाचा सत्कार चालला होता आणि ती तशीच त्या काचेमागे टोपली घेऊन एकटी चालत होती.

"टाळ्या कसल्या वाजवता?" मी ओरडले. माझा आवाज त्या दालनात इतका मोठा येईल असं मलाही वाटलं नव्हतं. "तिनं चार महिने तुमची भट्टी राखली आणि तुम्ही तिला शंभर वर्षं फितूर म्हणालात! बंद करा त्या टाळ्या. गप्प उभे राहा तिच्यासमोर."

हात हवेतच थांबले. बाबांनी माइक खाली ठेवला, त्या पाटीशी गेले आणि नखांनी ती भिंतीवरून सोडवायला लागले. ती पक्की चिकटवलेली होती. वेळ लागला. इस्त्री मध्ये पडला नाही, कोणी मदतीलाही गेलं नाही. मीही नाही. बाबांच्या बोटातून रक्त आलं तरी मी जागची हलले नाही. सगळे तसेच गप्प उभे राहिले, पाटी पूर्ण निघेपर्यंत.